‘मिरजेला न्या!’

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगाव-विजापूरपर्यंतच्या खेड्यांत जुन्या माणसांच्या तोंडी एक वाक्य असे : ‘आता मिरजेला न्या.’ गावच्या वैद्याचे काढे झाले, अंगारे-धुपारे झाले, तालुक्याच्या डॉक्टरने मान हलवली, की घरातले वडीलधारे माणूस हे वाक्य उच्चारायचे. त्यात धास्तीही असे आणि आशाही. बैलगाडी जुंपली जायची, गाडीत गवत पसरून त्यावर वाकळ घातली जायची आणि रोग्याबरोबर भाकरीचे पीठ, तवा नि दोन माणसे निघायची. मिरज म्हणजे मिरजेचा मिशन दवाखाना, हे वेगळे सांगावे लागत नसे.

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. आपल्या या भागात उद्योगी माणसांच्या नावाने वसलेल्या वाड्या आहेत. किर्लोस्करवाडी नांगरांची, ओगलेवाडी कंदिलांची. त्याच पंगतीत बसलेले हे नाव मात्र काहीही न विकणाऱ्या एका परदेशी माणसाचे आहे. विल्यम जेम्स वॉन्लेस हे त्याचे पूर्ण नाव. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १८६५ साली जन्मलेला, न्यूयॉर्कला वैद्यकीची पदवी घेतलेला हा तरुण १८८९ साली बायकोला, मेरीला, घेऊन सांगलीस येऊन राहिला. वय वर्षे चोवीस. ज्या वयात आपल्याकडचा मुलगा नोकरीसाठी मुंबईस जायचे ठरले तरी आईच्या डोळ्यांतले पाणी पाहून आठ दिवस मागे-पुढे करतो, त्या वयात हा आगबोटीने अर्धी पृथ्वी ओलांडून कृष्णाकाठी आला होता. कशासाठी? सरळच सांगायचे तर धर्मप्रसारासाठी. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने त्याला पाठवले होते आणि त्याचे डॉक्टर असणे हे त्या कामाचे साधन होते. पुढच्या चाळीस वर्षांत या साधनाचे काय झाले आणि त्या श्रद्धेचे काय झाले, ही खरी गोष्ट आहे.

पण तिचे मूळ सांगलीत नाही, कोल्हापुरात आहे. रॉयल गोल्ड वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि वीस-बावीस वर्षे तिथे ठाण मांडून बसले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. हा रॉबर्ट पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला आणि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरात त्याने अशी काही हवा तयार केली, की शंभर तरुणांनी परदेशात मिशनरी म्हणून जाण्याची तयारी लिहून दिली. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची एक चळवळच उभी राहिली. पुढच्या काही दशकांत हजारो तरुण-तरुणी आशिया-आफ्रिकेच्या वाटेला लागल्या. रंकाळ्याच्या गावात जन्मलेल्या मुलाने पेटवलेली ही ठिणगी! वॉन्लेस सांगलीत उतरला तो याच लाटेच्या दिवसांत.

वाइल्डर कुटुंबाचा आणखी एक धागा मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या बायकोला अमेरिकेत शिकवायचे म्हणून गोपाळराव जोशी यांनी पत्र लिहिले होते ते याच रॉयल वाइल्डर यांना. तोवर ते अमेरिकेस परतून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे मासिक चालवत होते. वाइल्डरसाहेबांचे उत्तर असे, की पती-पत्नींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर मदत करता येईल. गोपाळरावांना ते पटणारे नव्हते. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला; न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला आणि त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंसाठी आपल्या घराचे दार उघडले. आनंदीबाई १८८३ साली गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, त्यांना कोल्हापूर संस्थानने आपल्या रुग्णालयात नेमले आणि ते काम हाती घेण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या. धर्म न सोडता वैद्यकी शिकायला इथून तिथे गेलेली अठरा वर्षांची मुलगी. आणि तिच्या मृत्यूनंतर अडीच-तीन वर्षांनी धर्म सांगण्यासाठी वैद्यकी घेऊन तिथून इथे आलेला चोवीस वर्षांचा मुलगा. दोघांच्या मध्ये उभी होती ती वाइल्डरसाहेबांची अट.

त्या अटीने मराठी मन किती दुखावले होते, ते त्या दोन-तीन वर्षांतल्या घटनांवरून दिसते. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि विधवांना शिकवता शिकवता त्या बाटवतात की काय, या शंकेने पुढे पुणे ढवळून निघाले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही नामांकित मंडळी व्याख्यानाला गेली आणि समोर आलेल्या चहा-बिस्किटांमुळे केवढे ग्रामण्य झाले! न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांचाही त्यातून सुटका होताना घाम निघाला. नावे छापून आणणारे गृहस्थ पुन्हा आपले गोपाळराव जोशीच.

आता विचार करा. मिशनच्या घरी चहाचा पेला ओठाला लावला तर प्रायश्चित्त, आणि हा गोरा डॉक्टर सांगलीच्या पेठेत दवाखाना थाटून म्हणत होता, की माझ्या हातचे औषध घ्या. औषध तर पाण्यात कालवलेले. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान, गणपती मंदिराचे, वेदशास्त्रसंपन्न घरांचे आणि हळदीच्या व्यापाराचे गाव. अशा ठिकाणी नव्या मिशनऱ्याकडे प्रथम येणार कोण? ज्याला दुसरीकडे जागा नाही तो, किंवा ज्याचे दुखणे सोवळ्यापेक्षा मोठे झाले आहे तो. दुखणे हा फार मोठा सुधारक आहे. आगरकरांच्या लेखणीला जे घर उघडले नाही ते पोटशुळाने उघडले, अशी उदाहरणे आपल्या प्रत्येकाच्या आजोळी सापडतील.

शिवाय भाषा. मिशनचा दंडकच असा, की आलेल्या माणसाने आधी इथली भाषा शिकायची. मोल्सवर्थचा जाडजूड कोश त्यासाठी हाताशी होता. धर्मोपदेशकाला ग्रंथातली मराठी आली की भागते, डॉक्टरला भागत नाही. त्याच्यापुढे म्हातारी येऊन बसते आणि सांगते, ‘ठणका लागलाय.’ दुसरा म्हणतो, ‘चमक भरली.’ तिसऱ्याला कळ येते, चौथ्याच्या पोटात गोळा उठतो, पाचव्याला मुरडा होतो, सहाव्याच्या डोळ्यापुढे अंधारी येते आणि सातव्याच्या हातापायांतले त्राणच गेलेले असते. ठणका म्हणजे ठोके देत दुखणे, तिथे बहुधा पू धरलेला असतो. चमक क्षणात येते नि जाते. कळ लाटांनी येते. हे भेद ज्याला कळले नाहीत त्याच्या हातातली सुरी चुकीच्या जागी पडायची. मराठी माणूस आपले दुखणे किती नेमके सांगतो, हे परक्याला शिकावे लागते तेव्हाच आपल्यालाही उमगते. दुसऱ्याच्या वेदनेची भाषा शिकणे हा कुठल्याही धर्माचा पहिला धडा म्हणायला हरकत नाही, आणि तो या तरुणाने आपल्या खेडुतांच्या पायाशी बसून घेतला.

सांगलीत दोन-तीन वर्षे काढल्यावर डॉक्टर मिरजेला हलले. या हलण्यात शहाणपण होते. पुण्याहून सातारा जिल्ह्यातून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून जात होता आणि १८९१ साली कोल्हापूरची गाडीही मिरजेला येऊन मिळाली. सांगलीला तेव्हा स्वतःचे स्टेशन नव्हते. मिरज जंक्शन झाले आणि चारी दिशांचा रोगी तिथे उतरू लागला. मिरजेच्या थोरल्या पातीचे संस्थानिक पटवर्धन यांनी जागा दिली. एका सनातनी ब्राह्मण संस्थानिकाने मिशनऱ्याला दवाखान्यासाठी जमीन द्यावी, ही गोष्ट त्या काळाविषयीच्या आपल्या ठोकळेबाज कल्पनांना चांगलाच धक्का देणारी आहे. इमारतीचे पैसे आले फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून. हे गृहस्थ बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या प्रसिद्ध कारखान्याचे धनी. इंजिनाच्या पैशातून जंक्शनच्या गावी रुग्णालय! १८९४ साली ते सुरू झाले.

आजच्या वाचकाला त्या शस्त्रक्रियागृहाची कल्पना करणे कठीण जाईल. वीज नाही, क्ष-किरणांचा शोध लागायला अजून वर्ष आहे, रक्त चढवणे नाही, जंतूंवरचे औषध नाही. हाताशी क्लोरोफॉर्म, उकळते पाणी, कार्बोलिक आणि दिवसाचा उजेड. एवढ्या भांडवलावर डॉक्टर पोटातल्या गाठी काढत, मूत्राशयातले खडे काढत, आणि सर्वांत जास्त नाव झाले ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे. तोवर गावोगाव फिरणारे लोक सुईने मोतीबिंदू आत ढकलीत. चार दिवस दिसे आणि पुष्कळदा डोळा कायमचा जाई. मिरजेला मात्र पट्टी सुटली की आजोबांना नातवाचा चेहरा दिसू लागला. अशा एका माणसाने गावी परत जाऊन जे सांगितले असेल त्यापुढे कोणत्या जाहिरातीची मातब्बरी?

आणि इथेच त्या तरुण मिशनऱ्याच्या श्रद्धेची खरी कसोटी होती, असे मला वाटते. दवाखान्यात प्रार्थना होई, बाहेर थांबलेल्या रोग्यांना ख्रिस्ताची वचने ऐकवली जात. ते काही लपवून ठेवलेले नव्हते. वॉन्लेस यांनी १८९८ साली वैद्यकीय मिशनकार्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांना ख्रिस्त सांगायचा होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत सांगितला. पण रोगी काय करी? तो वचने शांतपणे ऐके, डॉक्टरांच्या पायावर डोके ठेवी, बरा होऊन बाहेर पडे आणि वाटेत मिरासाहेबांच्या दर्ग्याला नारळ ठेवून, गावी गेल्यावर जोतिबाचा नवस फेडी. पंढरीची वारी चुकवायचा प्रश्नच नव्हता. मिरजेतली ख्रिस्ती मंडळी थोडीच राहिली. दवाखान्याची कीर्ती मात्र कर्नाटकात, कोकणात, पार निजामाच्या मुलखापर्यंत गेली. ज्याने प्रत्येक माणसात भावी ख्रिस्ती पाहण्याची उमेद धरून घर सोडले, त्याच्या पदरात दान पडले ते हे.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक वाइल्डरसाहेबांची. आधी अट, मग मदत. दुसरी वाट म्हणजे हात आखडता न घेता काम करीत राहणे आणि फळ ज्याचे त्याच्यावर सोपवणे. मिरजेच्या डॉक्टरांनी दुसरी धरली. भगवद्गीता वाचलेल्या माणसाला ही वाट ओळखीची वाटेल, पण ती डॉक्टरांना गीतेने दाखवली असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. ती त्यांच्या स्वतःच्या धर्मग्रंथातही आहे. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलून नेणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची गोष्ट येशूनेच सांगितली, आणि त्या गोष्टीत जखमी माणसाला त्याचा धर्म बदलायला कोणी सांगत नाही.

काळही परीक्षा पाहणारा होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि बघता बघता घाटावर चढला. त्याच सुमारास दुष्काळ; तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. लोक गावे सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागले. कुष्ठरोग्यांना तर कोणी उंबऱ्यापाशी उभे करीत नसे. त्यांच्यासाठी मिरजेत वेगळी सोय उभी राहिली. अशा धकाधकीत १९०६ साली मेरी वॉन्लेस वारल्या. चोविसाव्या वर्षी ज्यांच्यासह घर सोडले त्या इथल्याच मातीत राहिल्या. कोल्हापुरातले मेरी वॉन्लेस रुग्णालय त्यांच्या नावाचे. डॉक्टर गाशा गुंडाळून परत जाते तर कोणी नावे ठेवली नसती. ते राहिले, आणखी बावीस वर्षे. त्यांच्या दुसऱ्या पत्नी लिलियन यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले आहे.

या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग मला शस्त्रक्रियांपेक्षा १८९७ सालच्या एका निर्णयात दिसतो. त्या वर्षी मिरजेत वैद्यकीचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. परका डॉक्टर कितीही कुशल असला तरी त्याचे हात दोनच. इथली मुले शिकली तर हात वाढतील, हा हिशेब. पंजाबात लुधियानाला एडिथ ब्राउन यांनी १८९४ साली स्त्रियांसाठी असे शिक्षण सुरू केले होते. मद्रास इलाख्यात वेल्लोरला आयडा स्कडर यांची वैद्यकीय शाळा १९१८ सालची. मिरजेचे नाव या दोघींच्या रांगेत घेतले पाहिजे, पण आपण मराठी माणसे आपल्या अंगणातल्या गोष्टीची बढाई मारायला विसरतो; नको तिथे मात्र मारतो. शाळेतून बाहेर पडलेली मुले खेड्यापाड्यांत गेली. त्याबरोबर परिचारिकाही तयार होऊ लागल्या. परक्या पुरुषाची जखम धुणे, त्याचे मलमूत्र काढणे हे काम ‘चांगल्या घरच्या’ मुलीने करायचे नाही, असा तो काळ. ख्रिस्ती मुलींनी ते उचलले आणि कित्येक वर्षे त्यांनीच वाहिले. आपल्या घरातल्या बाळंतपणांत, आजारांत ‘सिस्टर’ म्हणून जिला आपण हाक मारतो, त्या हाकेतही हा इतिहास आहे.

१९२० साली सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले, तीच वानलेसवाडी. स्ट्रेप्टोमायसिन निघायला अजून तेवीस वर्षे होती. तोवर क्षयावर उपाय म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी आणि धीर. सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांचे बेल-एअर याच विश्वासावर चालू होते. पण पाचगणीचा खर्च सर्वांना कुठला परवडणार! ज्या घरात क्षय शिरला त्या घराशी सोयरीक होत नसे, म्हणून लोक तो लपवीत आणि घरच्या घरी दोन-तीन जीव जात. उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, सर्वांना दिसेल असे आरोग्यधाम बांधणे म्हणजे या लपवाछपवीलाही उत्तर होते.

याच काळात साताऱ्यात एक वेगळेच नाट्य घडत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या पगारी कामातून मोकळे होऊन साताऱ्याला येऊन राहिले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या, संस्कारांनी कोकणस्थ, मनाने वारकरी असलेल्या या कवीचे म्हणणे असे, की ख्रिस्त हवा, पण परदेशी मिशनच्या चौकटीतून नको. तो इथल्या भक्तीच्या सुरात यावा, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही त्याच्या दरबारात जागा असावी. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना टिळकांचा हा भोळा, हट्टी, मनस्वी स्वभाव ठाऊक आहेच. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबाराला फार काळ मिळाला नाही.

नकाशावर सातारा आणि मिरज यांत अंतर ते काय! एकीकडे आपलाच माणूस मिशनच्या चौकटीला कंटाळून बाहेर पडत होता आणि दुसरीकडे मिशननेच पाठवलेला परका माणूस त्या चौकटीत राहून तिच्या भिंती हळूहळू रुंद करीत होता. टिळकांनी भिंत पाडायला शब्द वापरले; वॉन्लेस यांच्याजवळ शब्दांची ती दौलत नव्हती, म्हणून त्यांनी खाटा वाढवल्या. धर्मांतराच्या हेतूने केलेल्या सेवेला सेवा म्हणावे का, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार आणि कधी तावातावाने विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. वाइल्डरसाहेबांच्या पत्राने आनंदीबाईंच्या घराला तो विचारायला लावलाच होता. पण मिरजेपुरते उत्तर द्यायचे तर ते त्या दवाखान्यातून हिंदू म्हणून आत गेलेल्या आणि हिंदू म्हणूनच, मुसलमान म्हणून आत गेलेल्या आणि मुसलमान म्हणूनच बाहेर आलेल्या हजारो माणसांनी देऊन ठेवले आहे. ती माणसे बरी होऊन घरी गेली. हेतूची तपासणी करणाऱ्यांनी त्यांनाही साक्षीला बोलवावे.

१९२७ साली पंढरपूरकडून बार्शी लाइटची छोटी गाडी मिरजेपर्यंत आली आणि माणदेशातल्या रोग्यांचीही वाट सोपी झाली. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, इंग्रज सरकारने डॉक्टरांना ‘सर’ केले आणि त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेला गेले. १९३३ साली तिथेच त्यांचे निधन झाले. रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना रोगी पाहायला शिकवले ते याच रुग्णालयाच्या खाटांशी.

आणि १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला एक ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य येऊन राहिले. रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरचे. मनात आणले असते तर कुठेही मोठे रुग्णालय चालवले असते. त्यांनी खेड्यातल्या बायका हाताशी धरल्या. कित्येक अक्षरशत्रू, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपणे करायला, मुलांची वजने घ्यायला, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकवले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावात कोणी आजारी पडले, की आता आधी त्या बाईला बोलावणे जायचे, आणि पुष्कळदा गाडी जुंपावीच लागत नसे.